करवतीने कापली तरी तरंगणारी बोट

फायबरग्लास पाण्यात बुडते. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना घेऊन सुसाट जाणाऱ्या स्पीडबोटी पाहताना ही गोष्ट कुणाच्या मनातही येत नाही. पण काचेचे धागे आणि रेझिन यांच्यापासून बनणारा हा पदार्थ पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतो. फायबरची बोट तरंगते ती पोकळीतल्या हवेच्या जोरावर. त्या पोकळीत पाणी शिरले, की बोट आपल्या इंजिनासकट सरळ तळ गाठते.

लाकडी होडीचे तसे नव्हते. साग असो, आंबा असो की फणस, बहुतेक लाकूड पाण्यापेक्षा हलके. जुन्या लाकडी होडीत काठोकाठ पाणी भरले तरी, आत जड इंजिन किंवा माल नसेल तर ती पृष्ठभागाशी लोळत राहायची. खलाशी तिला धरून मदतीची वाट पाहू शकत. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभरच्या बोटबांधणीने लाकूड सोडून फायबर धरले, तेव्हा हे विम्याचे कवच नकळत हातचे गेले. ते परत कसे आणायचे, या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सापडले. सापडले ते तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या एका विजेच्या उपकरणांच्या कारखानदाराला.

आधी फायबरबद्दल. काचेचे बारीक, कापसासारखे धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत १९३० च्या दशकात ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकी काच कंपनीत हाती लागली. १९३८ मध्ये त्यातून ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनी निघाली. पॉलिएस्टर रेझिनही त्याच काळातले. दुसऱ्या महायुद्धात या जोडीचा उपयोग विमानांच्या रडारवरच्या टोप्यांसाठी झाला, कारण रडारच्या लहरी तिच्यातून आरपार जातात. ओहायोतल्या टोलेडो गावच्या रे ग्रीन याने १९४२ मध्ये या पदार्थाची छोटी शिडाची होडी बनवून दाखवली. युद्ध संपल्यावर मात्र दार सताड उघडले. १९५३ मध्ये शेवरोले कंपनीने कॉर्व्हेट मोटारीचे अख्खे अंग फायबरचे केले, आणि बोटी बांधणारे तर त्याच्या प्रेमातच पडले. एकदा साचा तयार केला की त्यातून एकसारख्या कितीही बोटी काढाव्यात. फळ्यांच्या फटी बुजवायला नकोत, दरवर्षी तेल पाजायला नको, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांची धास्ती नको. एवढ्या सुखापुढे बुडण्याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

तो मांडणाऱ्याचे नाव रिचर्ड फिशर, मित्रांचा डिक. हार्वर्डमधून १९३६ मध्ये तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडलेला हा गृहस्थ बॉब पिअर्स या भागीदाराबरोबर फिशर-पिअर्स नावाची कंपनी चालवत होता. अंधार पडला की रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणारी उपकरणे, असा तिचा माल. बोटींचे वेड मात्र जुने होते, आणि त्यातही बाल्सा लाकडाचे. दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाचे लाकूड इतके हलके, की एक घनमीटर साधारण दीडशे-पावणेदोनशे किलो भरते. त्याच मापाचे पाणी हजार किलो. थॉर हायरडालने १९४७ मध्ये पेरूहून पॉलिनेशियापर्यंतचा १०१ दिवसांचा प्रवास केला, तो ‘कॉन-टिकी’ तराफाही बाल्साच्या ओंडक्यांचाच होता. ब्रिटिशांच्या मॉस्किटो या लढाऊ विमानात तर प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून हलके पण कणखर अंग बनवले होते. फिशरला बोट हवी होती ती अशीच. पण बाल्सा महाग, पाणी शोषणारे आणि कुजणारे.

१९५४ च्या सुमारास त्याच्या पाहण्यात पॉलियुरेथेनचा कडक फोम आला. या रसायनाचा जनक जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर. लेव्हरकूझेनला १९३७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बनवले होते. दोन पातळ द्रव एकत्र ढवळायचे, की थोड्याच वेळात मिश्रण गरम होऊन इडलीच्या पिठासारखे फुगू लागते, आणि तिसेक पट फुगून घट्ट होते. आत राहतात त्या असंख्य सूक्ष्म बंद कोठड्या. प्रत्येक कोठडीला स्वतःची भिंत, त्यामुळे एक फुटली तरी शेजारची कोरडी. फिशरने ओळखले, की हे कारखान्यात बनणारे बाल्साच आहे, शिवाय हव्या त्या आकाराच्या पोकळीत ते ओतता येते. त्याने एक छोटी शिडाची होडी करून पाहिली आणि ती आपल्या मित्राला दाखवली.

मित्र साधा नव्हता. रे हंट हा बोटींच्या आकाराचे उपजत ज्ञान असलेला माणूस. नौकारचनेचे औपचारिक शिक्षण जवळपास नाही, तरी १९३८ मधली त्याची लाकडी ‘कॉन्कॉर्डिया’ शिडनौका आजही जाणकार प्रेमाने जपतात. हंटला शिडाच्या होडीत रस वाटला नाही. रस वाटला तो ती बांधण्याच्या रीतीत. या रीतीवर मोटरबोट झाली पाहिजे, असे त्याने सुचवले, आणि आकारासाठी तो मागे वळून अल्बर्ट हिकमनच्या ‘सी स्लेड’कडे गेला.

हिकमन कॅनडाचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने एक विचित्र बोट काढली होती. नेहमीच्या बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा; हिकमनने तो व्ही उलटा केला. म्हणजे दोन बाजूंना दोन कणे आणि मध्ये बोगदा. पुढचा भाग टोकदार नसून जवळजवळ चौकोनी. दोन्ही कडांवर आधार असल्याने ही बोट हलत-डोलत नसे; काठावर माणूस उभा राहिला तरी ती फारशी कलत नसे. आपल्याकडचे मच्छीमार होडीला बाजूने उलांडी बांधून जे साधतात, ते हिकमनने तळाच्या आकारातच साधले होते. धंद्यात मात्र त्याचे दिवस फिरले आणि सी स्लेड विस्मरणात गेली.

फिशरने हंटच्या आराखड्यावर नमुना बनवला. तो स्टायरोफोमचा होता. स्टायरोफोम म्हणजे आपल्या थर्माकोलचाच भाऊबंद. त्यावर नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन लावले असते तर त्यातल्या स्टायरीनने फोम विरघळवून टाकला असता, म्हणून एपॉक्सी वापरावे लागले. ही बारीकसारीक रसायनशास्त्रीय अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे; पुढे तिची गाठ पुन्हा पडते. नमुना पाण्यात उतरला तेव्हा तो भार पेलण्यात आणि स्थिर राहण्यात विलक्षण निघाला. फिशर खूश झाला. मग वेग वाढवल्यावर खोड कळली. मधल्या बोगद्यात हवा कोंडली जायची, पाण्याशी मिसळून थेट मागच्या पंख्याकडे ढकलली जायची, आणि फेसाळ पाण्यात पंख्याची पकड सुटायची. इंजिन किंचाळते, बोट पुढे सरकत नाही.

उपाय आराखड्याच्या कागदावर नाही, किनाऱ्यावर सापडला. बोगद्याच्या मधोमध एक रुंद पट्टी वाढवायची, बोट चालवून पाहायची, परत आणून तळ पुन्हा बदलायचा, असे करता करता दोन कण्यांच्या जोडीला मध्ये तिसरा आला. हवा आता पंख्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जाऊ लागली. समोरून पाहिले तर तीन कमानींसारखा दिसणारा हा तळ पुढे ‘कॅथिड्रल हल’ म्हणून ओळखला गेला. लांबी १३ फूट ४ इंच, मागे जास्तीत जास्त ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, आत फिकट निळा रंग आणि महोगनीच्या बैठका. १९५८ मध्ये ही बोट ‘बॉस्टन व्हेलर’ या नावाने बाजारात आली. देवमाशाच्या शिकारीला जाणाऱ्या न्यू इंग्लंडच्या जुन्या होड्यांची आठवण या नावात होती, साम्य मात्र शून्य.

खरी कमाल आकारापेक्षा बांधणीत होती. इतर कारखान्यांत फायबरचे एक कवच बनवत, आत लाकडी आडव्या-उभ्या पट्ट्या बसवत, वर प्लायवूडचा तळ टाकत. आत राहायची ती नुसती हवा, आणि कालांतराने साचलेले घाण पाणी. फिशरच्या कारखान्यात दोन साचे असत, एक बाहेरच्या अंगाचा आणि एक आतल्या. दोन्हींत फायबरचे थर चढवायचे, रेझिन पुरते वाळण्याआधीच एक साचा दुसऱ्यात उलटा बसवून घट्ट आवळायचा, आणि मधल्या पोकळीत द्रव फोम ओतायचा. फोम फुगताना इतका दाब देतो की साचे भक्कम नसतील तर उघडून जातील. पण त्याच दाबाने तो प्रत्येक कोपऱ्यात शिरतो आणि दोन्ही कवचांना कायमचा चिकटतो. साच्यातून बाहेर येते तेव्हा बोट एकसंध असते. तिला आतून पोकळी नाही, म्हणून सडणारे लाकडी सांगाडे नाहीत आणि पाणी साचायला जागाही नाही.

याचा दुसरा फायदा अभियंते चटकन ओळखतील. दोन पातळ कवचे एकमेकांपासून दूर धरून मध्ये हलका पदार्थ भरला, की तेवढ्याच वजनात अंग कितीतरी पट ताठ होते. मॉस्किटो विमानाचे गुपित तेच होते. तिसरा फायदा कानाला कळतो. पोकळ फायबरच्या बोटीवर लाटा आपटल्या की ती ढोलासारखी घुमते. फोम भरलेली बोट बद्द आवाज करते.

ही बोट बुडत नाही, हे लोकांना पटवायचे कसे? टायटॅनिकनंतर ‘न बुडणारी’ हा शब्द जाहिरातीत वापरायला छाती लागते. फिशरने सरळ करवत मागवली. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात छापून आलेली छायाचित्रमालिका अमेरिकेतल्या नौकाप्रेमींना अजून तोंडपाठ आहे. व्हेलर पाण्यात उभी आहे, अंगावर कोट आणि डोक्यावर हॅट घातलेला फिशर तिच्यात शांतपणे बसला आहे, आणि लाकूडतोडीची मोठी करवत बोटीला मधोमध कापते आहे. दोन तुकडे झाले. दोन्ही तरंगत राहिले. एवढ्यावर न थांबता इंजिन लावलेला मागचा अर्धा तुकडा चालवत नेण्यात आला. जाहिरातींच्या इतिहासात इतका प्रामाणिक तमाशा विरळा, कारण यात दाखवलेली प्रत्येक गोष्ट विकत घेणाऱ्याला आपल्या अंगणात करून पाहता आली असती.

या तमाशामागचे गणित आर्किमिडीजचे आहे आणि ते शाळकरी मुलालाही करता येईल. एक घनमीटर फोमचे वजन साधारण ३५ किलो. तेवढ्या जागेतले समुद्राचे पाणी १,०२५ किलो. म्हणजे पूर्ण बुडवलेला एक घनमीटर फोम जवळपास ९९० किलोचा भार वर उचलून धरतो. आता ३०० किलोचे फायबरचे कवच घ्या. पाण्याखाली गेले की पाणीच त्याचा बहुतेक भार पेलते. उरतो तो सुमारे १०० किलो. त्यासाठी १०० लिटर फोम पुरे. इंजिन, इंधनाची टाकी, बॅटरी यांच्यासाठी आणखी तेवढा-दीडपट धरला, तरी तीन-चारशे लिटर फोममध्ये छोटी बोट पाण्याने भरूनही माणसांना आधार देईल. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असेल तर त्याचे वजन जवळजवळ नाहीसेच झालेले असते, हे विसरायला नको.

पण फोम कुठे भरला आहे, हे तो किती भरला आहे याइतकेच महत्त्वाचे. सगळा फोम तळाशी कोंबला आणि वर जड इंजिन लटकवले, तर पाणी भरलेली बोट चक्क उलटी होते. हलके वर येऊ पाहते, जड खाली जाऊ पाहते. म्हणून चांगल्या रचनेत फोम दोन्ही बाजूंच्या भिंतींत वरपर्यंत असतो आणि इंजिनाच्या आसपासही असतो. अशी बोट भरली तरी सपाट, काठाशी पाणी लागलेली, माणसे आत बसतील अशा स्थितीत राहते. अमेरिकेने १९७१ चा नौका सुरक्षा कायदा केला, त्याखाली त्या दशकात असे नियम झाले, की २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्यावरही अशाच सपाट तरंगल्या पाहिजेत. फिशरची खासियत आता सगळ्या कारखानदारांवर सक्तीची झाली होती. मात्र बहुतेकांनी फोमचे ठोकळे बैठकांखाली आणि कप्प्यांत कोंबून नियमाची पूर्तता केली. दोन कवचांत ओतण्याचा खटाटोप महाग पडतो.

व्हेलरचे कौतुक पुष्कळ झाले. आता तिची खोडही सांगायला हवी. तो तीन कण्यांचा, जवळपास सपाट तळ शांत पाण्यात अप्रतिम, पण दोन फुटांच्या आखूड लाटांत वेगाने चालवली की १३ फुटी व्हेलर पाठ खिळखिळी करून टाकते. गंमत म्हणजे यावरचा उताराही हंटनेच काढला. टोकापासून शेवटपर्यंत खोल राहणारा ‘डीप व्ही’ तळ त्याचाच. त्याच्या आराखड्यावर बांधलेल्या ‘मॉपी’ या ३० फुटी बोटीत बसून डिक बर्ट्रमने १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात सुमारे आठ तासांत जिंकली, आणि त्यानंतर जगातल्या बहुतेक वेगवान बोटींचे तळ बदलले. एकाच माणसाने एकाच काळात सपाट तळाची सर्वांत लोकप्रिय बोट आणि खोल तळाची सर्वांत प्रभावी बोट, दोन्ही घडवाव्यात, हे नवलच. व्हेलरच्या पुढच्या मोठ्या बोटींनीही हळूहळू खोल तळच स्वीकारला.

दुसरी खोड फोमची. बंद कोठड्यांचा फोम पाणी घेत नाही, हे नवा असताना खरे. पण कुणी हौसेने मासेमारीच्या काठीची खोबण बसवायला अंगात स्क्रू पिळला आणि भोक नीट बुजवले नाही, तर वर्षानुवर्षे थेंब थेंब पाणी आत मुरते. थंड देशांत ते गोठते, फुगते आणि कोठड्या फोडते. एकदा भिजलेला फोम वाळवणे महाकर्मकठीण. बोट दिसायला धडधाकट, पण काट्यावर ठेवली तर कित्येक किलो जास्त. स्क्रू कुठेही पकडत नाहीत हीदेखील अडचण. पातळ फायबरच्या मागे नुसता फोम. म्हणून कंपनी साचा भरतानाच ठरावीक जागी लाकडाचे ठोकळे आत पुरून ठेवायची, आणि ते नेमके कुठे आहेत हे दाखवणारे नकाशे मालकांना मिळायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या बोटींचे हे नकाशे आजही हौशी लोक शोधून काढतात.

पर्यावरणाचा हिशेबही आहे. हा फोम फुगवायला अनेक वर्षे ओझोनचा थर विरळ करणारे वायू वापरले जात. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर ते बदलावे लागले. आणि आयुष्य संपलेल्या फायबरच्या बोटीचे करायचे काय, याचे धड उत्तर अजून कुणाकडे नाही. न बुडणारी, न कुजणारी वस्तू कचऱ्यात गेली की तीच तिची अडचण होते.

खपाच्या बाबतीत व्हेलरने मागे वळून पाहिले नाही. बंदराची गस्त, पोलीस, जीवरक्षक, शिडाच्या बोटी शिकवणाऱ्या शाळा, सगळ्यांना ती हवी होती. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने तिथल्या नद्या आणि बंदरांत १६ फुटी व्हेलर वापरल्या. ब्रिटनमध्ये तिच्याच धाटणीची, फोम भरलेली ‘डेल की डोरी’ निघाली. कंपनीची मालकी मात्र हातोहात फिरली. फिशरने ती १९६९ मध्ये सीएमएल ग्रुपला विकली, १९८९ मध्ये ती चक्क बूट बनवणाऱ्या रीबॉककडे गेली, आणि १९९६ पासून ती ब्रन्सविक कंपनीची आहे. कारखाना आता फ्लोरिडातल्या एजवॉटरला. तिथे ४२ फुटी बोटीही बनतात, आणि त्यांच्याही दोन कवचांमध्ये फोम ओतलेला असतो.

कोकणपट्टीवर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. चांगले लाकूड महाग झाले, कसबी सुतार मिळेनासे झाले. मात्र लाकूड गेले तेव्हा त्याचे उपजत तरंगणेही गेले, याची भरपाई होडी घेणाऱ्यालाच करून घ्यावी लागते. नवी किंवा वापरलेली फायबरची होडी घेताना बैठकांखालचे आणि नाळेतले बंद कप्पे उघडून दाखवायला सांगावे. आत नुसती हवा असेल तर एक तडा गेला की तो कप्पा निकामी. आत थर्माकोल कोंबलेला असेल तर पेट्रोल सांडल्यावर तो विरघळतो, फिशरच्या नमुन्याला स्टायरीनचा धोका होता तसाच. पॉलियुरेथेनचा फोम पेट्रोलला दाद देत नाही. तो बाजूंच्या भिंतींत वरपर्यंत आहे का, हे पाहावे. वापरलेली होडी असेल तर ती वजनकाट्यावर चढवावी आणि कारखान्याने सांगितलेल्या वजनाशी ताडून पाहावी. वजन बरेच जास्त भरले तर फोम पाणी प्यायलेला असण्याची शक्यता मोठी, आणि सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.